निधान, अक्का, निधान!

पत्र : डॉक्टरबाई, नमस्कार. मी बेळगावात वडगावला राहते, वय 61. लग्न होऊन आले तेव्हापासून सासरच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, पंचवीसेक वर्षं तरी. आता माग बंद आहेत. दोन वर्षांपासून उजवा गुडघा दुखतोय, डावाही अधूनमधून. एक्स-रे बघून हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, झीज आहे, ऑपरेशनची आत्ता गरज नाही, वजन उतरवा (74 किलो आहे) आणि चाला. किती चाला, कसं चाला, ते काही बोलले नाहीत. मुलानं पुण्याहून घड्याळ पाठवलं आणि रोज दहा हजार पावलं कर म्हणाला. मी जिद्दीची. नाथ पै सर्कलपर्यंत जाऊन-येऊन, उरलेली गल्लीत, अशी चार दिवस पुरी केली. पाचव्या दिवशी गुडघा भाकरीसारखा फुगला. आठवड्यानं सूज उतरली. शेजारीण म्हणते, गुडघ्यात वंगण मोजकंच असतं, चालून संपवू नको. म्हणून पंधरा दिवस बसून आहे, तर उठताना जास्तच आखडतंय. सून मोबाइलवर ‘माइंडफुल वॉकिंग’ दाखवते. परदेशातली बाई बागेत अनवाणी, एकेक पाऊल मोजून टाकतीय. मला हसू आलं. आमच्या गल्लीत असं चालले तर लोक म्हणतील, हिला काय झालं? त्याचा खरंच उपयोग असतो काय? आषाढात मंगाईची जत्रा आहे, घरी पन्नास पाहुणे. तोवर धड उभं राहता येईल काय? आणि चालताना नाम घेतलं तर चालेल काय?
ता. क. घड्याळाचं काय करू? काढून ठेवलं की मुलगा रुसतो.

अक्का, नमस्कार. वयानं मी तुमच्याहून तीन वर्षांनी मोठी आहे, तरी अक्काच म्हणते. आपल्याकडं अक्का म्हणायला वय लागत नाही. आणि एक दुरुस्ती. मी डॉक्टरबाई नव्हे, फिजिओथेरपिस्ट. तीसेक वर्षं लोकांचे गुडघे हातात धरून काढली, आणि आता माझाच डावा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. म्हणजे सांगणारीही मीच आणि दुखणारीही मीच.

तुमच्या शेजारणीचं आधी बघू, कारण तिच्या एका वाक्यानं तुम्हाला पंधरा दिवस बसवलं. गुडघा म्हणजे मोटारसायकल नव्हे. एकदा ऑइल भरलं आणि ते जळत गेलं, असं तिथं होत नाही. सांध्याच्या आतल्या अस्तरातून वंगण सतत नव्यानं पाझरत असतं. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत गादी असते, तिला कूर्चा म्हणतात. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. मग तिला खायला कोण घालतं? हेच वंगण. पण ते आपोआप आत शिरत नाही. सुताची लडी खळीत बुडवून पिळतात ते तुम्ही जन्मभर बघितलंय. पिळली की जुनं बाहेर, सोडली की नवं आत. पाऊल टेकलं की गादी दबते, उचललं की सुटते, आणि या दाबण्या-सोडण्यातून तिला पोषण मिळतं. बसून राहिलात तर लडी कोरडीच राहणार. बसून उठताना आखडतं, आणि दहा पावलं टाकली की थोडं मोकळं होतं, असंच होतंय ना तुमचं? मग तुमचा गुडघा शेजारणीला परस्पर उत्तर देतोच आहे.

शेजारीण अगदीच खोटी नाही, हेही सांगते. चार दिवसांत तुम्ही जे केलंत ते गुडघ्याला झेपणारं नव्हतं. चालण्यानं नुकसान झालं असं समजू नका, एकदम उडी मारली म्हणून तो चिडला. घरातल्या घरात दोन-अडीच हजार पावलं चालणारी बाई एका रात्रीत दहा हजारांवर गेली, तर तिशीतला धडधाकट गुडघाही तक्रार करेल. शिवाय हा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरांनी काढलेला नाही. 1965 साली जपानमधल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच ‘मान्पो-केई’ ठेवलं, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव विकायला सोपं होतं. साठ वर्षांनी तोच आकडा पुण्याहून वडगावात आला आणि तुमच्या गुडघ्यात सूज होऊन बसला.

झीज झालेल्या गुडघ्यांवर जे अभ्यास झालेत, त्यातले आकडे बरेच नरम आहेत. 2014 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की गुडघ्याची झीज असलेली किंवा होण्याचा धोका असलेली जी माणसं रोज 6,000च्या आसपास पावलं चालत होती, त्यांची रोजची हालचाल पुढच्या दोन वर्षांत अडण्याचं प्रमाण कमी होतं. सुरुवात करणाऱ्यांनी 3,000वर नजर ठेवली तरी पुरे, असंही त्यातच सुचवलं होतं. 2022 साली पन्नाशी ओलांडलेल्या आणि झीज असलेल्या लोकांचा आणखी एक अभ्यास आला. त्यात व्यायाम म्हणून चालणाऱ्यांना गुडघ्याचं नवं, वारंवार उठणारं दुखणं कमी लागलं होतं. हे दोन्ही अभ्यास लोकांवर नुसती नजर ठेवून केलेले आहेत, त्यामुळे चालणं हेच एकमेव कारण असं छातीठोक म्हणता येत नाही. पण चालून वंगण संपतं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं तर एवढंही नाही.

आता सुनेच्या व्हिडिओकडं येते. तुम्हाला हसू आलं, मलाही पहिल्यांदा आलं होतं. बागेत झिरझिरीत पांढरे कपडे घालून बगळ्यासारखं चालणं हे काही आपलं काम नव्हे. पण वेष्टन बाजूला ठेवून आतला माल बघू. लक्षपूर्वक चालणं बुद्धांच्या परंपरेत फार जुनं आहे, त्याला चंक्रमण म्हणतात. त्याच परंपरेतून शिकलेल्या जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात एक वर्ग सुरू केला. तिथं आले कोण, तर ज्यांच्या जुनाट दुखण्यापुढं डॉक्टरांनी हात टेकले होते असे रुग्ण. म्हणजे हे खूळ सुखवस्तू लोकांच्या बागेत जन्मलेलं नाही, ते दुखणाऱ्या माणसांसाठीच होतं.

आपल्याला त्यासाठी इंग्रजी शब्दाचीही गरज नाही. बसमधून उतरताना कंडक्टर म्हणतो, “निधान, अव्वा, निधान!” कानडीत निधान म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा, पुरून ठेवलेलं धन. आमच्या घरात दोन्ही भाषा नांदल्या, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, कंडक्टर आज्जीला ‘तुझं धन सांभाळ’ म्हणतोय. आता स्वतःचा गुडघा घेऊन पायरी उतरताना वाटतं, तसं काही चुकलं नव्हतं माझं.

आणि खरं सांगू? ही विद्या तुम्हाला येते. कांडी भरताना सूत बोटांमधून जातं. घट्ट धरलं तर तुटतं, सैल सोडलं तर कांडी पोकळ भरते. गाठ आली की डोळ्यांच्या आधी बोटाला कळतं. तुम्ही बोलत असाल, मुलाला रागवत असाल, चुलीवरचं दूध बघत असाल, पण बोट सुतावर असतंच. मला तुमच्या गुडघ्यावर तसंच बोट ठेवून हवं आहे. एवढंच ते माइंडफुल वॉकिंग. दहा हजारांच्या मागं लागलात तेव्हा सूत सैल सोडलंत, गाठ आलेली कळलीच नाही. आणि आता पंधरा दिवस इतकं घट्ट धरलंय की कांडीच फिरेना.

दुखण्याचं घट्ट धरणं हा विषय जरा सविस्तर सांगते, कारण नेमकं इथंच लक्षपूर्वक चालण्याचं काम आहे. एक्स-रेतली झीज आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचा हिशेब जुळतोच असं नाही. भरपूर झीज असून तुरुतुरु चालणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि फोटोत थोडंसंच दिसत असताना खुर्चीला खिळलेलीही. मध्ये बरंच काही असतं. मांडीच्या स्नायूंची ताकद असते, वजन असतं, झोप असते आणि भीतीही असते. एकदा गुडघा फुगला की पुढच्या वेळी साधी कळ आली तरी मन म्हणतं, आलं परत, आता काही खरं नाही. मांडी आखडते, पाय वाकडा पडतो, आपण चालणं टाळतो. टाळलं की मांडी बारीक होते, आणि मांडी बारीक झाली की धक्का थेट सांध्यावर येतो. कळ गुडघ्यात असते. ‘आता काही खरं नाही’ हे वाक्य मात्र आपण वरून घालतो. चालताना या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या, की निम्मी लढाई तिथंच होते.

त्यानं झालेली झीज भरून येते काय? नाही. तसं कुणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका. नुसतं लक्ष देऊन गुडघा बरा होतो असा भक्कम पुरावाही नाही. पुरावा आहे तो व्यायामाचा, स्नायूंना बळ देण्याचा आणि वजन उतरवण्याचा. संथ, लक्षपूर्वक हालचालींच्या बाजूनंही काही आहे. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं 2019 साली गुडघ्याच्या झिजेसाठी ज्या गोष्टी ठामपणे सुचवल्या, त्यात व्यायाम आणि काठी यांच्याच पंगतीत ताई-ची आहे. (कुठल्या ताईची, असं विचारू नका, तो चीनमधला सावकाश हालचालींचा व्यायामप्रकार आहे.) चालण्यात लक्ष घालायचं ते एवढ्यासाठी, की योग्य मापानं चालता यावं आणि भिऊन सोडून द्यावं लागू नये.

तर कसं चालायचं?

पहिल्या आठवड्यात सकाळी 8 मिनिटं आणि संध्याकाळी 8 मिनिटं. बस्स. हसू नका, जिद्दीच्या बाईला आठ मिनिटांवर थांबणं दहा हजार पावलांपेक्षा अवघड जातं. सकाळी उठल्या उठल्या निघू नका. चहा होऊ दे, घरात दोन-चार फेऱ्या होऊ देत, गुडघा थोडा सैल होऊ दे. निघण्याआधी उंबऱ्याशी अर्धा मिनिट नुसतं उभं राहायचं. दोन्ही तळव्यांवर भार सारखा आहे काय बघायचं. उजवा दुखतो म्हणून तुम्ही डावीकडं कलत असणार, आणि डावा त्याचीच तक्रार करू लागला असणार.

मग चालायला लागा, तुमच्या नेहमीच्या वेगाच्या थोडं खाली. व्हिडिओतल्या बाईइतकं सावकाश नको. फार सावकाश चाललं की एका पायावर जास्त वेळ तोलून राहावं लागतं, ते तुमच्या गुडघ्याला सोयीचं नाही आणि तोल जायची भीती वेगळी. पावलं आखूड टाका. लांब टांग टाकली की टाच शरीराच्या फार पुढं आपटते आणि धक्का वर गुडघ्यात चढतो. टाच टेकते, तळवा टेकतो, चवडा जमीन मागं ढकलतो, एवढं दोन मिनिटं मनात पाहा. पाऊल वाजतंय काय ऐका. चपलेचा फटफट आवाज मऊ करता आला, तर धक्काही मऊ झालेला असतो. माझ्याकडं येणाऱ्या बायकांना गुडघा ‘जाणवून घ्या’ म्हटलं तर कळायचं नाही, पण ‘घरात कुणी झोपलंय असं समजून चाला’ म्हटलं की लगेच जमायचं.

कळ आली तर थांबू नका आणि दुर्लक्षही करू नका. विचारा, कुठं आहे? वाटीच्या पुढं, आतल्या बाजूला, की मागं लवणीत? टोचतीय, जड वाटतंय, की गरम? शून्य ते दहात किती? तीन-चारपर्यंत असेल आणि चालता चालता वाढत नसेल, तर चालू द्या. पाच आली, किंवा पाऊल लंगडं पडू लागलं, की कट्ट्यावर बसा. लंगडत पुरी केलेली फेरी काही कामाची नाही.

आता एक गोष्ट, जी व्हिडिओवाले सांगत नाहीत. सगळा वेळ गुडघ्याकडं बघत चालायचं नाही. जे अंग आपोआप चालतं, त्याच्यावर सारखी नजर रोखली की ते अवघडतं. कुणी बघतंय म्हटलं की आपलंच चालणं आपल्याला वाकडं वाटतं, तसंच. दोन मिनिटं पावलांकडं, मग दोन मिनिटं बाहेर. कुणाच्या दारात कसली रांगोळी आहे, कुणाच्या खिडकीतून फोडणीचा वास येतोय, अजून एखादा माग कुठं खडखडतोय. मग परत पावलांकडं. डोळे मात्र कायम आठ-दहा पावलं पुढं रस्त्यावर. आपल्या गल्ल्यांत उघडं गटार आणि आडवं झोपलेलं कुत्रं दोन्ही असतात.

नाम घ्यायचं काय, विचारलंत. घ्या की! वारकऱ्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. टाळाचा ठेका आणि पाऊल एक झालं की चाल आपोआप सारखी पडते. विठ्ठल विठ्ठल म्हणत दोन पावलं श्वास आत, दोन पावलं बाहेर, असं बसतंय काय बघा, नाही बसलं तर सोडून द्या. फक्त मनातल्या मनात जत्रेच्या सामानाची यादी करत तोंडानं नाम चाललंय, असं नको. पण तेवढं तर देवानंही खपवून घेतलंय आजवर. मोबाइल मात्र घरी. मैत्रिणी बरोबर असतील तर उत्तमच, माणूस सोबत असलं की चालणं टिकतं. जाताना हवं तेवढं बोला, येताना गप्प.

या सगळ्यात मी सर्वात जास्त भर देते तो दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर. गुडघा लगेच बोलत नाही, तो रात्रभर विचार करून सकाळी उत्तर देतो. तुम्ही चार दिवस चाललात तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी त्यानं सांगितलं असणार, पण तुम्ही घड्याळाकडं बघत होता. नातवाची जुनी वही घ्या. रोज सकाळी उठल्यावर तीन गोष्टी लिहा. काल किती मिनिटं चालले, आज उठताना गुडघा किती वेळ आखडलेला होता, सूज आहे काय. नेहमीइतकंच असेल तर कालचंच माप आजही. एक अख्खा आठवडा नेहमीइतकंच राहिलं, तर दोन्ही वेळेला दोन-दोन मिनिटं वाढवा. सकाळी दुखणं नेहमीपेक्षा जास्त असेल, तर त्या दिवशी माप निम्मं करा. निम्मं, शून्य नाही! सगळी गंमत या एका शब्दात आहे. जिद्दी माणसांना एकतर दहा हजार कळतं नाहीतर खाट कळते.

कुठं चालायचं? सपाट जागेवर. आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. कडेनं एकाच बाजूनं चालत राहिलं, तर एक पाय कायम खालच्या पातळीवर पडतो, म्हणून जाताना एक कड तर येताना दुसरी. रविवारी कुणी गाडीवरून सोडणार असेल तर टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत जा. झाडं आहेत, माती आहे, आणि सावकाश चालणाऱ्या माणसाकडं तिथं कुणी वळून बघत नाही, निम्मे तसेच असतात. पण आता मृग निघाला, की आपल्याकडचा पाऊस चार-चार दिवस उघडत नाही आणि शेवाळलेल्या फरशीवर पडून मनगट मोडून घेतलेल्या बायका मी दर श्रावणात बघत आले. तेव्हा पावसात घरातच. तुमची मागाची खोली आता रिकामी असेल ना? लांबच लांब, सपाट, छप्पर असलेली. तिथं चाला. एकाच दिशेनं गोल गोल फिरू नका, इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या फेऱ्या मारा, म्हणजे दोन्ही पायांवर वळणं सारखी येतात. त्या खोलीत सुरुवातीला मन जरा जड होईल, ते मला कळतं. तेही चालता चालता बघायचंच आहे.

पायात काय आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. झिजलेली हवाई चप्पल असेल तर आजच टाका. अथणीच्या, निपाणीच्या चामडी चपलांवर माझं प्रेम आहे. कोल्हापुरीला 2019 साली जे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपला बेळगाव जिल्हाही आहे, याचा अभिमानही आहे. पण त्या लग्नाला घाला. चालायला मागं पट्टा असलेली, टाच न हलणारी, जाड पण न दबणारा तळ असलेली सँडल नाहीतर बूट हवेत. साडीवर बूट घातले की लोक हसतात म्हणे. हसू देत.

काठी. हा शब्द वाचूनच कपाळाला आठी पडली असेल. पंधरा मिनिटांच्या वर जायचं असेल किंवा गर्दीत, तर काठी घ्या आणि ती डाव्या हातात धरा, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध. दहातली आठ माणसं दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग म्हणतात, काठीचा उपयोग नाही. हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीशी मूठ यावी, एवढी उंची. जिन्याला ध्यानात ठेवा, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

फक्त चालून मांडी पुरेशी मजबूत होत नाही, म्हणून दोन व्यायाम जोडा. खुर्चीत बसून पाय समोर सरळ करायचा, मांडी घट्ट, पाचपर्यंत मोजायचं, सावकाश खाली. दोन्ही पायांना दहा-दहा वेळा. दुसरा, जरा उंच खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायचं आणि धपकन न बसता सावकाश बसायचं. पाच वेळा, जमेल तसं दहा. नाहीच जमलं तर खुर्चीवर चादर घडी करून घाला, उंची वाढते. आणि जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं आता पुरे. उकिडवं आणि गुडघे मोडून वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांत ही झीज जास्त दिसते. तुमच्या कांड्यांचा त्यात किती वाटा होता हे आता कोण सांगणार, पण विळीवर बसून भाजी चिरणं आणि देशी संडास या दोन गोष्टी तरी बदलता येतील. खुर्चीसारखं लोखंडी स्टूल संडासात ठेवायला मिळतं, महाग नसतं.

वजनाचं एकच सांगते. 2005 सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं, की शरीराचं वजन एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. म्हणजे तीन किलो गेले तर दर पावलाला बारा. आपल्या गोड कुंद्याबद्दल मी काही बोलणार नाही, मीही बेळगावचीच आहे.

तेल लावायचं असेल तर लावा, बरं वाटतं. आत गादीपर्यंत ते जात नाही. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, बीपी, साखर किंवा किडनीचं काही असेल तर दुकानातून परस्पर दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका. आणि कुणी बाजारातून ‘सांधेदुखीची पुडी’ आणून दिली, जिच्यावर आत काय आहे हे लिहिलेलं नाही, ती तर बिलकूल नको. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. दोन दिवसांत जादू होते, त्याचं कारण तेच असतं.

हे मात्र वाट न बघता डॉक्टरांना दाखवायचं. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, पाय मध्येच अडकून सरळ होईना, चालताना अचानक दगा देऊ लागला, पोटरी एकाच बाजूची सुजून दुखू लागली, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं सुरू झालं, किंवा सकाळचं आखडणं अर्ध्या तासाच्या वर टिकू लागलं. हे शेवटचं असेल तर दुखणं झिजेचं नसून वेगळ्या संधिवाताचंही असू शकतं.

आता मंगाई. तुमच्या पत्रावरून अंदाजे सहा आठवडे हातात आहेत. वरच्या मापानं गेलात आणि गुडघा नाराज झाला नाही, तर तोवर दोन्ही वेळेला 18 मिनिटांपर्यंत पोचाल. ते जत्रेला पुरेसं आहे, पण जत्रेतलं खरं दुखणं चालणं नव्हे, एका जागी उभं राहणं आहे. देवीच्या रांगेत आणि चुलीपुढं. रांगेत काठी न्या आणि भार या पायावरून त्या पायावर हलवत राहा. पहाटे नाहीतर जेवणाची वेळ टळल्यावर जा, ओटी तेव्हाही पोचते. स्वयंपाकाला उंच स्टूल ओट्यापाशी ओढा आणि बसून करा. वाढणं आणि भांडी उचलणं सुनेला, भाच्यांना, आणि हो, पुण्याहून आलेल्या मुलालाही. त्या दिवशीचं चालणं रद्द, कारण ते तसंही होणारच आहे. दुसऱ्या सकाळी गुडघा बोलेल, तेव्हा माप निम्मं. पन्नास पाहुण्यांपैकी निदान दहा जण गुडघ्यावर उपाय सांगतील, त्यांना मटण वाढा आणि हो म्हणा.

घड्याळ काढू नका, मुलाचा जीव आहे त्यात. नातवाला सांगून पावलांचा आकडा पडद्यावरून घालवा आणि 4 मिनिटांचा गजर लावून घ्या. वाजला की जिथं असाल तिथून मागं फिरायचं. लोक लांब जाऊन बसतात आणि मग परत येणं गळ्यात पडतं, तुमचं नाथ पै सर्कलवरून परतताना झालं असणार तसं. आठवड्यानं सकाळ शांत गेली की गजर एका मिनिटानं पुढं सरकवा. मुलानं फोनवर विचारलं तर सांगा, रोज घालते.